माझ्या आतला गंज

…नाही, कडू असतं तर मी तोंडातून ब्र काढला नसता हो! कडू आपल्याला चालतं. पण हे कडू नाही, आंबट नाही, हे नुसतं तुरट! एक घोट घेतला की जीभ टाळूला चिकटते, टाळू जिभेला सोडत नाही, दोन्ही गाल आत ओढले जातात… आणि अशा तोंडाने मी म्हणायचं काय? तर 'छान आहे'! रोज सकाळी! उपाशीपोटी! का? तर म्हणे मी आतून गंजतोय.

तुम्हाला सांगतो, हा शब्द मला ऐकवावा? मला? अहो, माझं उभं आयुष्य गंज खरवडण्यात गेलं. गेटं, खिडक्यांच्या जाळ्या, गच्चीचे जिने, टाक्यांचे स्टँड… तारेच्या ब्रशने घासायचं, पॉलिश पेपर मारायचा, फडक्याने पुसायचं, मग लाल प्रायमर, आणि वर रंगाचे दोन हात. 'एका हातावर भागवा की' म्हणणारं गिऱ्हाईक आलं की मी ब्रश खाली ठेवतो. 'साहेब, लोखंडाला दोन हात लागतातच. एका हाताचं काम आपण करत नाही.' हे वाक्य मी इतक्यांदा बोललोय, की झोपेत पुटपुटलो तरी बायको म्हणते, 'हो हो, दोन हात. झोपा आता.'

आणि हीच बायको एक दिवस ग्लास घेऊन समोर उभी. आत तपकिरी पाणी. मला वाटलं ब्रश धुतलेलं टर्पेंटाइन चुकून आणलं. तर म्हणाली, "प्या. द्राक्षाच्या बिया, डाळिंबाची साल आणि हिरव्या चहाचा अर्क आहे. अँटीऑक्सिडंट."

"अँटी काय?"

"अहो, शरीरात फ्री रॅडिकल असतात. मोकाट फिरतात. एकटे असतात, म्हणून दुसऱ्याचं ओरबाडून घेतात. मग शरीर आतून गंजतं. लोखंडासारखं!"

अहो, मी माणूस आहे की गेट?

हे ज्ञान आलं कुठून, तर वरच्या मजल्यावरून. तिथे आमची माहितीताई राहते. खरं नाव वेगळं आहे, पण मी तिला माहितीताईच म्हणतो, कारण फोनवर आलेलं एकही वाक्य ती स्वतःजवळ ठेवत नाही. जिन्यात भेटली की धरलंच. "काका, तुमचं तर रोज थिनरमध्ये नाक! तुमच्यात तर रॅडिकलांची जत्रा असेल!" आणि आमची ही शेजारी उभी राहून असा चेहरा करते, की जणू माझ्या पाठीवर आत्ताच पोपडे दिसायला लागलेत.

आता खरं सांगतो, मी चिडलो नाही. म्हणजे चिडलो, पण बोललो नाही. कारण मला माहीत होतं हे कशामुळे चाललंय. माझा थोरला भाऊ गेला ना… तोही याच धंद्यातला, मला ब्रश धरायला त्यानेच शिकवलं. सकाळी शिडीवर चढला होता, छातीत कळ आली, दुपारी नव्हता. त्या दिवसापासून ही मी खोकलो तरी दारात येऊन बघते. एकदा म्हणालीसुद्धा, "भाऊजींना कुणी वेळेत सांगितलं असतं तर…" आणि पदराने ओटा पुसत बसली. ओटा स्वच्छ होता. मग काय करणार? नाक दाबलं आणि ग्लास रिकामा केला. म्हटलं, "छान आहे."

बरं, मी पितो ते पितो, ही स्वतःही प्यायची. अर्काचा डबा दोघांचा, मोठा, असा घमेल्याएवढा. पण गंमत बघा, अर्क प्यायला लागल्यापासून मी होतो तसाच, आणि ही मात्र उतरत चालली. आधीच हिच्या अंगात रक्त कमी. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिलेल्या, ही न चुकता घेते, आणि तरी रिपोर्ट आला की आकडा जागच्या जागी! चेहरा पांढरा पडला. जिना चढताना वळणावर थांबायला लागली. कठडा धरून. मी विचारलं की म्हणते, "काही नाही, कठड्याचा रंग बघत होते. निघालाय." अहो, तो कठडा मी रंगवलाय! त्याचा रंग निघणं शक्य नाही! म्हणजे ही थकलीये, हे मला तिथेच कळलं.

माझा संशय कुणावर जाणार? अर्कावर! म्हटलं, हिला हेच बाधतंय. पण हिला सांगायचं कसं? ही पुरावा मागणार. तर आमच्या धंद्यात एक रीत आहे. कुठल्याही नवीन कंपनीचा डबा आला, की गिऱ्हाइकाच्या गेटला लावायचा नाही, आधी खिळ्यावर लावून बघायचा. खिळा खोटं बोलत नाही. मी काय केलं, दोन ग्लास घेतले. एकात साधं पाणी, एकात अर्क. दोन्हींत एकेक नवा कोरा खिळा टाकला आणि खिडकीत ठेवून कामाला गेलो. जे गंज थांबवतं म्हणता, ते खिळ्याचा थांबवतंय का बघू! आता तुम्ही म्हणाल, माणसाच्या औषधाची परीक्षा खिळ्यावर? अहो, गंजतो म्हणालं कोण? मी की ह्या दोघी?

दुसऱ्या दिवशी बघतो तर काय… साध्या पाण्यातला खिळा लालसर, म्हणजे रीतसर गंजलेला, आपल्या ओळखीचा गंज. आणि अर्कातला? अहो, अख्खा ग्लास काळा! शाई! डांबर! आणि तळाशी तो खिळा, काळाठिक्कर!

मी ओरडलोच. "बघ! बघ हे! हे आपण पितोय!"

ही आली, ग्लास बघितला, आणि शांतपणे म्हणाली, "माझ्या चांगल्या ग्लासात खिळा कुणी टाकला?"

मी म्हटलं, चल डॉक्टरकडे. आत्ताच्या आत्ता. तो काळा ग्लास हातात धरून मी रस्त्याने पुढे, वर बशी झाकलेली, सांडू नये म्हणून पावलं मोजून टाकतोय, आणि मागून ही, "अहो हळू, अहो लोक बघतायत…" दवाखान्यात पोचलो. काउंटरवरच्या मुलीने ग्लासाकडे बघितलं, खुर्ची मागे घेतली आणि म्हणाली, "काका, नमुना तिकडे खिडकीत ठेवा."

"हा नमुना नाही!" मी म्हटलं. "हे मी रोज सकाळी पितो!"

तुम्हाला सांगतो, पूर्ण बाकडं रिकामं झालं. एक आजोबा उठून भिंतीला टेकले. एका बाईंनी आपल्या मुलाचे डोळे झाकले. आणि एक गृहस्थ फार हळव्या आवाजात म्हणाले, "तुमचा नंबर आधी घ्या." मला आयुष्यात कुणी रांगेत पुढे सोडलेलं नाही हो! इज्जत मिळाली ती अशी! अहो, मी माणूस आहे की गेट, हे विचारायलासुद्धा कुणी जवळ यायला तयार नाही.

डॉक्टर तरुण आहेत, पण माणूस शांत. ग्लास उजेडात धरला, हलवला, आत टिणटिण वाजलं. म्हणाले, "काका, यात खिळा आहे."

"मीच टाकलाय."

"का?"

मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, म्हणजे हसले, पण खोकल्यासारखं हसले. म्हणाले, "हे विष नाही काका. सालीत, बियांत, चहाच्या पानात जो तुरटपणा असतो ना, तो लोखंडाला धरतो. धरला की असा काळा रंग येतो. तुमचं पोट काही काळं होत नाही. घाबरू नका."

झालं! माझा पुरावा खल्लास! आणि ही? हिची मान ताठ! इतका वेळ मागे मागे चालत होती, ती एकदम खुर्ची पुढे ओढून बसली. "मी सांगत होते ह्यांना! डॉक्टर, मी तर माझी लोहाची गोळीसुद्धा ह्या अर्काबरोबरच घेते. म्हटलं, पाण्याबरोबर कशाला? अर्काबरोबर घेतली तर जास्त अंगी लागेल!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"काकू, परत सांगा. गोळी कशाबरोबर?"

"अर्काबरोबर… रोज."

त्यांनी तो काळा ग्लास उचलला आणि हिच्यासमोर ठेवला. "काकू, तुमची गोळी म्हणजे हा खिळा समजा. गोळीतलं बरंचसं लोह हा अर्क पोटातच धरून ठेवतो. रक्तापर्यंत पोचायचं ते तसंच बाहेर जातं. म्हणून आकडा हलत नसणार."

मी हिच्याकडे बघितलं. ही त्या ग्लासाकडे बघतेय. वळणावर थांबणं, कठडा धरणं, ते पांढरं तोंड… सगळं त्या ग्लासात! आणि केलं कुणासाठी? माझ्यासाठी आणलेला डबा! मला इतका राग आला ना… कुणाचा ते कळेना. माहितीताईचा म्हणू, अर्काचा म्हणू, की माझा स्वतःचा, रोज शेजारी बसून 'छान आहे' म्हणणाऱ्याचा? आणि ही काय म्हणते? पहिला प्रश्न काय विचारते?

"पण डॉक्टर, ह्यांना तर काही अपाय नाही ना झाला?"

आता अशा बाईवर माणसाने चिडायचं कसं?

डॉक्टर म्हणाले, गोळी घ्यायची ती पाण्याबरोबर, अर्क आणि चहा तिच्या आसपाससुद्धा नको, तुम्ही तर अर्क सध्या बंदच करा काकू, महिन्याने रक्त परत तपासू, तरी वाढलं नाही तर दुसरं कारण शोधू. "आणि काकांचं म्हणाल, तर साधी फळं, भाज्या खा, कामाच्या वेळी तोंडाला मास्क लावा. अर्काने फार काही होईल असं मी सांगणार नाही. अर्थात, नुकसानही नाही."

एवढं मोठं वाक्य बोलले ते. हिने त्यातले दोनच शब्द उचलले. 'नुकसानही नाही.'

आता बरी आहे हो ती. खरंच बरी आहे. रक्त वाढतंय, गालांवर रंग आलाय, परवा जिना चढली तर मीच मागे राहिलो. वळणावर मी थांबलो होतो, आणि वरून ही ओरडली, "काय बघताय? कठड्याचा रंग निघालाय का?" इतकं बरं वाटलं मला, की खालीच उभं राहून हसत बसलो.

फक्त एक झालं. डबा दोघांचा होता ना? मोठा, घमेल्याएवढा? त्यातलं हिचं बंद. आणि आमच्या घरात वस्तू वाया जात नाही. दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठतो तर टेबलावर दोन ग्लास. तपकिरी. शेजारी शेजारी.

मी म्हटलं, "अगं, हे काय? मी माणूस आहे की गेट?"

ही पदर खोचत म्हणाली, "दोन हात लागतातच. एका हाताचं काम आपण करत नाही."

प्यायलो. पहिला हात… आणि मग दुसरा. छान आहे.