तीन ते चारचं पाणी

सिस्टर अपोलोत : दोन ते तीन, अकरा मिली. तीन ते चार, शून्य. कागोयाची आई, तासाभरात डोक्यातल्या पाण्याचा एक थेंब उतरला नाही?

नैगागा : मी कुठे मोजते, सिस्टर?

सिस्टर अपोलोत : तू नाही मोजत? काल तर शेजारच्या खाटेवरच्या बाळाचेसुद्धा थेंब मोजत होतीस!

नैगागा : त्याची आई कपडे धुवायला गेली होती.

सिस्टर अपोलोत : नळी तुंबली असणार. डॉक्टरांना कळवते. आजच नवी घालावी लागेल.

नैगागा : पुन्हा डोकं उघडणार? चार दिवस नाही झाले अजून.

सिस्टर अपोलोत : मग पाणी आत साचू देऊ? बघ, किरकिरतेय कशी.

नैगागा : थांबा ना. नळी नाही तुंबली.

सिस्टर अपोलोत : तुला काय ठाऊक?

नैगागा : ती खाली होती. माझ्या मांडीवर. तुम्ही यायच्या जरा आधी वर निजवली.

सिस्टर अपोलोत : खाली, जमिनीवर? आणि पिशवी वर दांडीला? अगं, पाणी चढ चढेल का? बाळाचा कान दांडीवरच्या त्या लाल रेघेशी हवा, पहिल्याच दिवशी बोट लावून दाखवलं होतं. उचलायच्या आधी मला हाक मारायची. म्हणजे मी आधी नळीची तोटी बंद करेन.

नैगागा : सासूबाई आल्या होत्या. इगांगाहून.

सिस्टर अपोलोत : मग?

नैगागा : पाजत होते, तेवढ्यात दारात दिसल्या. पोरीला घेऊनच गुडघे टेकले. मग त्या खुर्चीवर बसल्या. सासू खुर्चीवर आणि सून खाटेवर? मी चटईवरच राहिले.

सिस्टर अपोलोत : तासभर!

नैगागा : आई म्हणायची, जिचे गुडघे ताठ, तिला सासर नाही. आई गावी परतल्यापासून या खाटेशी कुणी आलं नव्हतं, सिस्टर. उठा आता, असं कुठल्या तोंडानं म्हणू?

सिस्टर अपोलोत : नातीला घेतलं का त्यांनी?

नैगागा : नाही. शेंगांचं बोलल्या. यंदा बऱ्या आल्यात.

सिस्टर अपोलोत : एवढ्यासाठी इगांगाहून आल्या?

नैगागा : चटई न्यायला आल्या होत्या. शेंगा वाळवायला कमी पडते म्हणाल्या.

सिस्टर अपोलोत : तरीच खाली लादी उघडी दिसतेय... सरक जरा. ती उशी काढ. कान रेघेशी आला? आता गप्प बस आणि नळीकडे बघ.

(दोघी बघत राहतात.)

नैगागा : पडला!

सिस्टर अपोलोत : एकानं काय होतं? आणखी पडू दे... हं. दुसरा. तिसरा. नाही तुंबली. पण हा तास डॉक्टरांना सांगावाच लागेल.

नैगागा : त्या शून्यापुढे काय लिहिताय?

सिस्टर अपोलोत : खरं तेच. बाळ खाली होतं.

नैगागा : पाहुणे आले होते, एवढंही लिहाल?