दहा मिनिटं

गोंदियाच्या एका दवाखान्यात धुरपताबाई सकाळपासून नंबराची चिठ्ठी मुठीत धरून बसली होती. पाठीमागच्या बाकावर दोन म्हातारे बोलत होते आणि तिचे कान तिकडंच लागले होते.

“देवचंदभाऊ, तुमची पोरगी पुष्पांजली परदेशात डॉक्टरकी शिकून राहिली म्हणते?”

“डॉक्टरकी नाही गा. दवाखाना कसा चालवाचा, ते. सहा महिने तिकडच्या कॉलेजात होती.”

“मंग आली वापस?”

“नाही ना. एक दिवस फोन केला. म्हणे, बाबा, अभ्यासासाठी पाहिजे, आपल्याकडं दवाखान्यात नंबर लागाले किती वेळ लागते?”

“तुमी काय सांगतलं?”

“दहा मिनिटं.”

“दहा?”

“गोऱ्या लोकाइसमोर गावाची लाज कायले काढाची? डॉक्टर चहा पाजते, हेही सांगून टाकलं.”

“मंग?”

“तिनं वर्गात वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या म्हणे.”

“चांगलंच झालं ना मंग.”

“काय चांगलं? आधी म्हणे, शिकून आपल्या देवरीकडं दवाखाना काढीन. आता तिथंच नोकरी धरली. म्हणे, बाबा, आपल्याकडं सारं ठीकच हाय, मी येऊन काय करू?”

“खरं सांगून टाका ना आता.”

“कोणत्या तोंडानं?”

देवचंदभाऊचा फोन वाजला.

“हाव बेटा. दवाखान्यात? गेलतो ना. कवाचाच घरी आलो.”

“नंबर एक्केचाळीस!” दारातून कंपाउंडर ओरडला.

“तो आवाज? टीव्ही हाय बेटा.”

एक्केचाळीस नंबर धुरपताबाईचाच होता. ‘आली’ म्हणायला उघडलेलं तोंड तिनं मिटलं आणि चपला हातात घेऊन ती हळूच उठली.