सहाला पुसले जातील

(संध्याकाळचे साडेपाच. आई हॉस्पिटलातून नुकतीच आलीय, अजून दारातच आहे.)

लेक : ओरडणार नाहीस ना, ते आधी सांग.

आई : ओरडायला अंगात त्राण हवं. सकाळपासून वॉर्डात उभी आहे. बोल.

लेक : एक मुलगा आहे. म्हणजे... मुलगा नाहीये बहुतेक.

आई : बहुतेक?

लेक : सतरा वर्षांचा म्हणाला होता. काल फोनवर आवाज ऐकला. बाबांएवढा वाटला.

आई : पुढे?

लेक : त्याच्याकडे माझा एक फोटो आहे. मीच पाठवला. रविवारी भेटायला आली नाहीस तर अख्ख्या वर्गाला पाठवीन म्हणतोय.

आई : थांब. बसू दे मला... अगं पण कसं शक्य आहे? तुझे मेसेज तर मी...

लेक : रोज वाचतेस. माहितीये. नववीपासून माझं अकाउंट तुझ्या लॅपटॉपला जोडलंयस.

आई : तुला कळलं होतं?

लेक : फोनमध्ये दिसतं गं, अकाउंट कुठे कुठे चालू आहे ते.

आई : मग ते गणिताचं टेन्शन, मैत्रिणीशी भांडण, 'आई फार दमते बिचारी'...

लेक : ते तू वाचावंस म्हणून. बाकीचं दुसऱ्या अ‍ॅपवर.

आई : आणि मी मेली डोळ्यांत तेल घालून वाचत होते! वाचून जीव भांड्यात पडायचा माझा.

लेक : दमतेस ते खरंच लिहिलं होतं.

आई : आधी का नाही सांगितलंस?

लेक : तेही अ‍ॅप जोडलं असतंस.

आई : ...हो. जोडलं असतं. चुकलंच माझं. पहारा करत बसले आणि तुला माझीच भीती बसली. ऊठ, चौकीवर जाऊ.

लेक : दाखवणार काय? त्याने सेटिंगच तसं केलंय. चोवीस तासांनी मेसेज आपोआप पुसले जातात. धमकीचे सहाला जातील.

आई : मग स्क्रीनशॉट काढ ना!

लेक : नाही निघत. नुसता काळा येतो.

आई : माझ्या फोनने फोटो काढते. धर तुझा समोर.

लेक : मी काढते. तू नको. मीपण काय काय लिहिलंय त्यात.

आई : एका हाताने मेसेज सरकवणार आणि दुसऱ्याने फोटो काढणार? एक अक्षर धड येणार नाही.

लेक : तू वाचशील.

आई : नाही वाचणार. चौकीतल्या बाई वाचतील, त्यांचं ते कामच आहे.

लेक : आई, तू वाचतेसच.

आई : ...हे घे. चष्मा तुझ्याकडेच ठेव. आता मला नुसता उजेड दिसतोय. अक्षरं नीट येतायत का, ते तू सांग.

लेक : जरा डावीकडे. अजून थोडं... हां. काढ.