मधलं शटल

नणंद: टॉवेल पिळत होतीस तू. मी खिडकीतून पाहिलं. आणि म्हणे कोपर दुखतंय.

भावजय: तो व्यायाम आहे, ताई. फिजिओने दिलाय. दहा वेळा इकडे, दहा वेळा तिकडे.

नणंद: आणि कपाटात रॅकेट नाही.

भावजय: माझं कपाट उघडलंत?

नणंद: माझ्या भावाचंही आहे ते. रॅकेट कुठाय?

भावजय: दुकानात. मूठ जाड करायला दिलीय, म्हणजे फार आवळून धरावी लागत नाही.

नणंद: म्हणजे खेळायचा बेत आहे. फक्त माझ्याबरोबर नाही.

भावजय: असं कोण म्हणालं?

नणंद: दोन महिने विश्रांती झाली, कोपराचा पट्टा सुटला, परवा भरलेली बादली उचललीस. बॅडमिंटन स्पर्धेला दुहेरीची नावं आज सहापर्यंत द्यायची आहेत आणि तू आपली ‘बघू’ म्हणतेस. क्लबातली ती बँकवाली जोडीदार शोधतेय, ते काय मला कळत नाही? अकरा वर्षं खेळलो आपण. तोंडावर सांग. मी काही रडत बसणार नाही.

भावजय: बँकवाली नाही. कुणीच नाही.

नणंद: मग पाणी कुठे मुरतंय?

भावजय: फिजिओने विचारलं, तुम्ही कोर्टात उजवीकडे उभ्या राहता, मग मधली शटलं बॅकहँडने का मारता? त्यानेच कोपर गेलंय. पुन्हा तसंच खेळलात तर पुन्हा जाईल म्हणाले.

नणंद: बरोबर बोलले. मधलं शटल डावीकडचीचं, तिचा उजवा हात मधे असतो. म्हणजे माझं. पहिल्याच दिवशी शिकवलं होतं तुला. पण तुला मेली हाव.

भावजय: उजवीकडून आलेलं तुम्ही घेत नव्हता, ताई.

नणंद: तू घेऊ देशील तर ना.

भावजय: डावा डोळा झाका. हाताने, नीट. आता समोरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचा.

(नणंद डावा डोळा झाकते, मान पुढे काढून बघते.)

नणंद: चष्म्याचा नंबर वाढला असेल.

भावजय: तारीख राहू दे. कॅलेंडर दिसतंय का?

नणंद: पांढरं काहीतरी आहे.

भावजय: उद्या अकराला डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. मी येते बरोबर.

नणंद: तुला कधीपासून माहीत होतं?

भावजय: कोपर दुखायच्या आधीपासून.