फुकटची कुंडली

आळंदहून कलबुर्गीला जाणाऱ्या बसमध्ये पुढच्या सीटवर एक बाई कंप्युटरचा डबा चादरीत बांधून मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी खजुरी गावचे एक म्हातारे शेतकरी.

"काय झालंय त्याला, अक्का?"

"आत हेर शिरलाय, काका. आपण जे टाइप करू ते चोरून बघतंय आन् दुसऱ्याला कळवतंय."

"शिरला कसा?"

"पोरीची कुंडली जुळवायला फुकटचा प्रोग्राम उतरवून घेतले. त्याच्यासंगं आला."

"आन् कळलं कसं?"

"नवऱ्या मुलाच्या आईबद्दल मी बहिणीला काय काय लिव्हले होते. एक अनोळखी माणूस फोनवर जसंच्या तसं वाचून दाखवला. वर, मुलाकडं पाठवू का म्हणला."

"अगं बाई! कानडीत लिव्हायचं न्हाई का?"

"अर्धं कानडीतच होतं की! त्याला भाषा कळायची गरज न्हाई. कुठलं बटन दाबलाव, तेवढं टिपतंय."

"मग आता?"

"दुकानात साफ करून घेणार, अँटीव्हायरस टाकणार. मग सगळे पासवर्ड बदलणार. आन् फुकटचं दिसलं की उतरवून घ्यायचं बंद."

"आता पण ऐकायलंय का ते?"

"बंद हाय, काका. वायर घरीच हाय."

"व्हय, व्हय."

बस एका फाट्यावर थांबून पुन्हा निघाली.

"पोरीला स्थळ कुठलं आलंय म्हणलाव?"

"म्हणलेच न्हाई मी."

"मुलगा काय करतोय? हळूच सांगा. कानडीत सांगा."

"त्या फुकटच्या कुंडलीनं पण असंच गोड गोड इचारलं होतं, काका."