एकोणसाठ सालचा ट्रेलर

हॅलो?… हो, सुमेधाच बोलतेय. कोण, दीपा?… अगं, किती लांबून येतोय आवाज… हं, आता आला. बोल.

नाही गं, झोपले नव्हते. दुपारचे दोन वाजलेत इथे… पाऊसच. रेडमंडला दुसरं काय असणार?

काय?… नको. दीपा, ऐक ना… अगं ऐक तरी! जुलैची सुट्टी टाकू नकोस. येलोस्टोनची ट्रिप कॅन्सल… पुढे नाही ढकलली. कॅन्सलच.

गुरुदत्तची तब्येत? तुझे भावजी आहेत तसेच. उजवा हात नाहीच. बोलणंही… स्ट्रोकला आठ महिने होतील आता. पण ते नाही गं. आपला ट्रेलर गेला… चोरीला कशाला जातोय! एकोणसाठ सालचं खटारं ते, सव्वीस वर्षं झाली, गाडीमागं जोडून ओढायचं घरच म्हण… कुजलाय. आतून.

अगं, बाहेरून पत्रा असतो, पण आतला सांगाडा लाकडाचा. छपराच्या सांध्यांतून पाणी झिरपत होतं, कोण जाणे किती वर्षं… केलं ना मी ते! शिडीवर चढून फटींतलं जुनं सीलंट, म्हणजे तो चिकट लांबा, खरवडलं, नवीन भरलं. गुरुदत्त खाली खुर्ची टाकून बसायचा. डाव्या हातानं कागदावर वाकड्या रेघा काढून दाखवायचा, इथे भर, तिथे भर… हो, हसायचासुद्धा. मी स्क्रू उलटा फिरवला की फार हसायचा.

नाही… काल नाही कळलं. म्हणजे त्याला काल कळलं. मला ऑक्टोबरमध्येच…

ऐकतेयस ना?

मागच्या खिडकीखालचं प्लायवूड काढलं, तर आत लाकूड असं उरलंच नव्हतं. चहाचा चोथा असतो ना, तसं. स्क्रू लावावा तर नुसता फिरत राहतो, पकडतच नाही. गुरुदत्त थेरपीला गेला होता त्या वेळी. मी ते तसंच झाकलं. कडेच्या धड लाकडात स्क्रू मारून वरून नवीन प्लायवूड बसवलं, पिवळा रंग दिला.

का म्हणजे?… अगं, हॉस्पिटलमधून आल्यावर कसा भिंतीकडे तोंड करून पडून असायचा, तू बघितलंयस ना? ट्रेलरचं काम काढलं आणि स्वतः उठून बूट घालायला लागला. एका हातानं. अर्धा अर्धा तास लागायचा, पण मला हात लावू द्यायचा नाही. मग कुठल्या तोंडानं सांगणार होते मी त्याला?

हो… सांगायला हवं होतं. माहितीय मला… माहितीय म्हटलं ना! दीपा, तू तरी नको गं…

काल लॅबमधलं काम आटोपून आले, तर हा घरात नाही. बघते तर मागे ट्रेलरचं दार उघडं. मला वाटलं, पडला!… नाही, नाही, पडला नव्हता. आत खाली बसला होता. ते पिवळं प्लायवूड शेजारी काढून ठेवलेलं. सहाच्या सहा स्क्रू, एकट्यानं. आणि मुठीत तो चोथा.

नाही, रागावला नाही. मीच बडबडत सुटले, नवीन लाकूड घालू, कुणाला तरी बोलावू, होईल सगळं… त्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाला, "पुरे."

हो, बोलला… अगदी स्पष्ट. आठ महिन्यांतला पहिला शब्द, दीपा. ती थेरपिस्ट चित्रं दाखवून रोज 'वॉटर, वॉटर' करते, ते कधी आलं नाही. आणि हे आलं…

रडू नकोस गं. मी रात्री रडून घेतलंय.

मग काय… आज सकाळी त्यानंच डिरेक्टरी उघडली. भंगारवाल्याच्या नंबरावर बोट ठेवून माझ्याकडे सरकवली. येईलच तो माणूस… विकत कोण घेतंय? ओढून नेतो, एवढंच.

तू येतेस?… खरंच?… आणि पोरांची शाळा?… बघ बाई. येलोस्टोन-बिलोस्टोन काही नाही हं, इथे आमच्यातच बसायचं… हो. ये. हवीयस तू मला.

थांब हां… ट्रक आला वाटतं. हो, आलाच… नाही, बोल, खिडकीतून दिसतंय मला… अरे देवा, गुरुदत्त बाहेर गेलाय. पावसात. जॅकेट नाही, काही नाही…

तो माणूस ट्रेलर ट्रकला जोडायला वाकला, तर ह्यानं त्याला बाजूला केलं… नाही गं, भांडत नाहीये. पुढच्या जॅकचा दांडा धरलाय. तो फिरवला की ट्रेलरचं तोंड खाली येऊन ट्रकच्या हुकावर बसतं… फिरवतोय. स्वतः. थांबतोय… परत फिरवतोय… तो माणूस आपला उभाच आहे.

दीपा, अडकलाय दांडा. एका हातानं होत नाहीये त्याला… इकडे बघतोय. मला बोलावतोय. 

जाते मी… हो, तू येतेयस, सांगते त्याला… ठेवते गं.