घर बंद

हॅलो?… हॅलो, कोण?… संगीता? हो, हो, वर्षाच बोलतेय. तुझा आवाज तुटतोय गं, त्या पॅकिंगच्या शेडमधून बाहेर ये आधी… आलीस? मग ऐक. तुझा नवरा जिवंत आहे, धनेश जिवंत आहे. पहिलं हे ऐक. शुद्धीवर आहे, बोलतोय, माझ्या हातून पाणी प्यायला.

अगं नाही, मान नाही! मान कोणी सांगितलं तुला?… टेम्पोवाल्याला काय माहीत, तो होता का तिथे? हात. उजवा हात, कोपराच्या खाली. आणि खांदा… हो. कोयत्यानेच. पण पाठीने मारलं गं, धारेने नाही. उलटा धरला होता त्याने कोयता. धारेने मारलं असतं तर… रडू नकोस. संगीता, रडू नकोस ना, मला पण मग… हो, हाड मोडलंय. दोन ठिकाणी. डॉक्टर म्हणाले, सळी टाकावी लागेल.

फोन कसा उचलेल तो? फोन चेपलाय त्याचा, माझ्या पर्समध्ये आहे.

मी पोलीस ठाण्याच्या बाहेर उभी आहे. जबाब द्यायला बोलावलंय… नाही, नाही, तू इकडे नको येऊस. घोलवडवरून रिक्षा पकड आणि सरळ सरकारी दवाखान्यात जा. माझी बहीण बसलीय त्याच्याजवळ, एकटा नाहीये तो.

कोण म्हणजे… रघ्या नाव त्याचं. सायवनच्या पुढे पाडा आहे, तिथला. साठीचा असेल… छे, प्यायलेला नव्हता. वाससुद्धा नव्हता तोंडाला. शांतपणे आला गं आत. चपला बाहेर काढून आला. आपल्या कुरियरच्या दुकानात कोण चपला काढतं?

सांगते ना. सगळं सांगते. मध्ये बोलू नकोस फक्त.

अकरा-साडेअकरा झाले असतील. काउंटरवर चार-पाच माणसं. धनेश मागे बसून पार्सलं लावत होता, सरावलीची वेगळी, गावातली वेगळी. हा रघ्या पुढे आला आणि एक चिठ्ठी ठेवली. त्यावर पार्सलचा नंबर. पाड्यावरच्या शाळेतल्या बाईंनी लिहून दिलेला, कारण मेसेज त्यांच्याच मोबाईलवर यायचे. मी नंबर टाकला, बघितलं आणि म्हटलं, काका, हे परत गेलं. तीन वेळा माणूस येऊन गेला, तुमचं घर बंद होतं.

तो म्हणाला, "माझे घराला कुलूपच नाय, बाय."

हो ना… असंच. चढा आवाज नाही, काही नाही. "कूड हाय आन ताटी हाय. बंद कसा व्हईल?" म्हणजे कुडाच्या भिंती आणि दाराला नुसती कामट्यांची ताटी. मागचे दोघं हसले. मी पण… मी पण हसले गं. आणि म्हटलं, मग तुम्ही कामावर गेला असाल. तर म्हणाला, तीन दिवस कामाला गेलो नाही. सकाळपासून अंधार पडेपर्यंत शाळेसमोर रस्त्यावर बसून होतो, मोटारसायकल दिसली की उठून उभा राहायचो. मग म्हणाला, "कोण आलेला? माणूस दाखव."

मी दाखवला.

हो. मी बोट केलं धनेशकडे… ऐक ना. ऐक, शिव्या नंतर दे.

धनेशने आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, आलो होतो काका, कोणी नव्हतं. एवढंच बोलला बिचारा. त्या माणसाचा हात कमरेच्या कोयत्याला गेला. पहिला घाव काउंटरवर. काच फुटली, सगळीकडे काचा. धनेश उठला, हात वर केला असा, आणि दुसरा हातावर बसला. वाळकं लाकूड मोडतं ना, तसा आवाज आला. तिसरा खांद्यावर. मी ओरडत होते की नुसती उभी होते, मला आठवत नाही. खरंच नाही आठवत.

मग लोक धावले. आणि मग काय विचारू नकोस. कोयता कधीचाच खाली पडला होता, तरी मारत होते त्याला. हेल्मेटने, लाथांनी. कोणीतरी माझा टेपचा लोखंडी स्टँड उचलून तोंडावर मारला. दोन दात पडले त्याचे, मी बघितले फरशीवर. रक्त, काचा, कोणाची तरी पार्सलं सगळी त्यात. आणि तो स्वतःला वाचवत नव्हता गं. काउंटरचा पाय धरून बसला होता, तोंड सुजलेलं, आणि एकच… "पोराचे कपडे दे. पोराचे कपडे दे."

हो, कपडे. फॉर्मवर लिहिलं होतं 'जुने कपडे'. मला वाटलं, असेल काहीतरी जुनंपानं… नाही. त्याचा मुलगा नविन. वेरावळला होडीवर खलाशी होता. वादळात पाण्यात पडला, सापडला नाही. प्रेतच मिळालं नाही. होडी चालवणाऱ्या तांडेलाने त्याचे कपडे पाठवले होते. हे लोक त्या कपड्यांवर दिवस करणार होते. सगळे नातेवाईक येऊन बसले होते गं पाड्यावर, कपड्यांसाठी.

हे मला कधी कळलं, तर पोलिसांनी त्याला गाडीत घातल्यावर.

काय?… बरोबर आहे तुझं. नवऱ्याचा हात मोडल्यावर कोणाची दया येणार? माझ्या नवऱ्यावर आलं असतं, तर मी पण म्हटलं असतं, सडू दे आत. पण संगीता… थांब. थांब, मला बोलू दे, नाहीतर मी परत बोलणार नाही.

धनेश गेलाच नव्हता. एकदाही नाही… तीनही दिवस. नाही, त्याची चूक नाही! तो दोनदा म्हणाला, ताई, मी जाऊन येतो. मीच म्हटलं, एका पार्सलसाठी कुठे एवढ्या लांब जातोस, गावातली चाळीस पडलीत ती कोण टाकणार? लिही 'घर बंद'. रोज संध्याकाळी काहीतरी लिहावंच लागतं, नाहीतर वरून फोन येतात. सगळे करतात असं. मी पण कितीदा… हो. मीच सांगितलं. त्याने माझ्यासमोर मोबाईलमध्ये टाकलं.

हो. आहेच मी तशी. बोल अजून.

आणि तुला माहितीये, दवाखान्यात हवालदाराने विचारलं तर धनेश काय म्हणाला? "मीच लिहिलं, ताईंना माहीत नाही." त्या मोडलेल्या हाताने पडून होता आणि असं म्हणाला. मी तिथेच उभी होते. तोंड उघडलं नाही मी.

अजून एक आहे. पार्सल परत गेलंच नव्हतं. काचा झाडायला घेतल्या तर मांडणीखाली परतीची गोणी तशीच. शनिवारी गाडी आलीच नाही न्यायला. मी नुसतं स्क्रीनवर बघून सांगितलं त्याला. वाकून बघितलं असतं ना… दोन हातांवर होतं गं ते माझ्यापासून.

इथेच आहे. छातीशी धरून उभी आहे अर्ध्या तासापासून. आत जायचा धीर होत नाहीये. आत गेलं की लिहून घेणार, मग माझं दुकान, माझा… काय? "तुझं दुकान"? हो गं. बरोबर बोललीस. लाज वाटते मला.

थांब… एक मिनिट. कोणीतरी आलंय. गेटवर रघ्याचं नाव घेऊन विचारतेय… त्याची बायको वाटते. बाकीचे जीपमधून उतरतायत. फोन ठेवू नकोस, संगीता.

हो मावशी?… हो, आत आहेत ते. तोंडाला लागलंय, पण बसलेत, बोलतात… मी? मी कुरियरवाली… हे तुमचं आहे. नविनचं. घ्या.

नको! नको मावशी, पाया नका पडू… उठा. उठा आधी. माझे उपकार नाहीत काही. ऐका, तुमच्याकडे कोणी आलंच नव्हतं. मी पाठवलंच नाही कोणाला. खोटं लिहायला लावलं… मी. मीच. त्या पोराला मार बसला तो माझ्यामुळे…

…हो.

…हो, सांगते. साहेबांना सांगते… आत्ता? म्हणजे, जरा पाच मिनिटं… मावशी, मनगट… सोडा, दुखतंय मला… येते ना, येते मी, ओढू नका, पायरी आहे…

संगीता, ठेवते.